जरा टेकू द्या की!

पाय दुखतात असं नुसतं म्हणून बघा, घरातला प्रत्येक माणूस वैद्य होतो. कुणी सांगतं मिठाच्या पाण्यात बुडवा, कुणी सांगतं तिळाचं तेल चोळा, कुणी माळ्यावरची काशाची वाटी शोधून हातात ठेवतं. आमच्या शेजारच्या काकू पाय दुखण्यावर मेथीदाणे सांगतात आणि केस गळण्यावरही मेथीदाणेच सांगतात! असो. यातले बरेच उपाय मी स्वतः केलेले आहेत, काही अजूनही करते, आणि त्यातलं काय खरोखर उपयोगी पडतं ते पुढे लिहिणारच आहे. पण त्याआधी बरेच दिवस मनात घोळणारी एक गोष्ट लिहून टाकते. दहा-दहा तास उभं राहून ज्यांचे पाय दुखतात, त्यांना आपण सगळे संध्याकाळचे उपाय सांगतो. दुपारचा उपाय कुणी सांगत नाही. दुपारचा उपाय म्हणजे कामाच्या जागी दोन मिनिटं बसायला मिळणं.

विषय निघाला माझ्या भाचीवरून. ती आमच्याच शहरात साड्यांच्या एका मोठ्या दुकानात काम करते. सकाळी दहाला जाते, लग्नसराईत रात्री नऊ वाजतात. मध्ये जेवायला अर्धा तास, तोही गिऱ्हाईक बघून. घर जवळ पडतं म्हणून अधूनमधून जाताना माझ्याकडे डोकावते आणि आल्या आल्या सोफ्यावर नाही, थेट गार फरशीवर बसते, पाय पसरून.

"मावशी, पाय आहेत का गेले तेच कळत नाही बघ."

"अगं, मग गर्दी नसताना जरा बसायचं."

"बसायचं? टेकायचंसुद्धा नाही. मागच्या कपाटाला पाठ लागली की आतून बेल वाजते. मालकांना खोलीत बसून सगळं दिसतं कॅमेऱ्यात."

मालक खोलीत बसून बघतात, हे तिने अगदी सहज सांगितलं. मला मात्र त्या वाक्यातलं 'बसून' चांगलंच टोचलं.

मी तिला विचारलं की यामागे कारण काय सांगतात. तर म्हणे, विक्रेती बसलेली दिसली की गिऱ्हाईकाला वाटतं इथे आपली किंमत नाही. म्हणजे आमच्या नावावर हे चाललंय! तुमच्या, माझ्या. आपण साडी बघायला गेलो आणि समोरची पोर स्टुलावर टेकलेली दिसली तर आपला अपमान होतो, असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलेलं आहे. माझा तरी होत नाही. तुमचा होतो का?

आता तुम्ही म्हणाल, उभं राहणं म्हणजे काय मोठं काम आहे? आपले वारकरी आळंदीहून पंढरपूरला चालत जातात, त्यांचं काय? तेच तर सांगायचंय. चालणं आणि एका जागी उभं राहणं यात फार फरक आहे. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, सुटते, आवळते, सुटते, आणि दर वेळी रक्त वर ढकललं जातं. शिरांमध्ये छोट्या झडपा असतात, त्या ते रक्त पुन्हा खाली येऊ देत नाहीत. हापशासारखंच आहे, दांडा हलला तर पाणी चढणार. माणूस एका जागी थांबला की दांडाच थांबला. रक्त खाली साचतं, घोट्याशी सूज येते, पाय जड होतात. वर्षानुवर्षं हेच चाललं तर झडपा ढिल्या पडतात आणि शिरा निळ्या दोरीसारख्या फुगून वर येतात. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्या ह्याच. त्यात आनुवंशिकतेचा, वजनाचा, बाळंतपणांचाही वाटा असतो, सगळं खापर उभं राहण्यावर फोडता येणार नाही. पण उभं राहणं त्यात भर घालतं, हे नक्की.

माझ्या डाव्या पायावर अशी एक दोरी आहे. छत्तीस वर्षं वर्गावर उभी होते. एका शाळेत तर एका उन्हाळ्यात वर्गांतल्या खुर्च्याच उचलून नेल्या होत्या. शिक्षक बसला की वर्ग झोपतो, असा तिथल्या वरिष्ठांचा सिद्धांत! माझ्या मते वर्ग झोपतो तो शिकवण्याने, खुर्चीने नव्हे, पण तेव्हा बोलायची सोय नव्हती. शिकवताना निदान फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत फेऱ्या होतात. सगळ्यात जीव जायचा तो परीक्षेच्या पर्यवेक्षणात. तीन तास, आवाज नाही, बोलणं नाही, नुसतं उभं. पेपर मुलांचा, आणि घाम आम्हाला.

बरं, आता उपाय. भाचीला जे सांगितलं तेच लिहिते.

घरी गेल्यावर सर्वांत गुणकारी आणि फुकटचा उपाय म्हणजे पाय वर करून पडणं. खुर्चीवर बसून पाय स्टुलावर ठेवणं चांगलंच, पण आडवं पडून पोटऱ्यांखाली दोन उशा घेतल्या आणि पाय छातीपेक्षा उंच ठेवले तर सूज लवकर उतरते. जागा असेल तर भिंतीला पाय लावून पडावं. पंधरा-वीस मिनिटं. त्या वेळात कुणी चहा मागितला तर ऐकू येत नाही असं दाखवावं. (हा उपायाचाच भाग समजावा.)

कोमट पाण्यात पाय बुडवून बसलं की बरं वाटतं. मी अजूनही बसते. लोक मिठाचं महत्त्व फार सांगतात, पण खरा आराम असतो कोमट पाण्याचा आणि दहा मिनिटं स्वस्थ बसण्याचा. पाय सुजलेले असतील तर त्यापेक्षा गार पाणी बरं. मात्र ज्यांना मधुमेह आहे त्यांनी गरम पाण्याच्या वाटेला जाऊ नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही, आणि फोड आला की तो भरता भरत नाही. त्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात नीट बघावेत, स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांना बघायला सांगावं.

काशाच्या वाटीबद्दल माझ्या सासूबाईंचं आणि माझं कधी एकमत झालं नाही. तळपायाला तूप किंवा खोबरेल लावून वाटीने घासायचं. थोड्या वेळाने तळवे काळे होतात आणि मग सगळे म्हणतात, बघ, किती उष्णता बाहेर पडली! अहो, तो काळेपणा काशातल्या तांब्याचा आणि तुपाचा. स्टीलची वाटी घेऊन घासा, तळवा असा काळा होत नाही. मग उष्णता गेली कुठे? सासूबाई म्हणायच्या, तू मास्तरीण आहेस, तुला काही पटायचं नाही. पण एक कबूल करायला हवं, वाटीने पाय घासून घेण्यासारखं सुख नाही. घासणारं माणूस मायेचं असेल तर पायांचा शीण निम्मा तिथेच उतरतो. पोरीला दिवसभर कुणी विचारलेलं नसतं, आणि रात्री आई पाय मांडीवर घेऊन बसते. वाटी कशाचीही असो.

सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुरी खुपसल्यासारखं होतं का? मग ते नुसतं दमणं नाही. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो दुखावलेला असतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. त्यावर पोटरीचा ताण सोडवणं उपयोगी पडतं. भिंतीला हात लावून उभं राहायचं, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि अंग हळूच पुढे झुकवायचं. पोटरी ताणली जाते ती कळते. तीस आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. दोन-तीन वेळा पुरे. दुसरं म्हणजे प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून ती गोठवायची, फडक्यात गुंडाळायची आणि खुर्चीत बसून तळव्याखाली लाटण्यासारखी फिरवायची. पोळ्या लाटलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही!

चपलांचं सांगते. दुकानात गणवेशाबरोबर पातळ, सपाट चपला दिल्या होत्या, दिसायला सुबक, पण पावलाला आधार शून्य. मी तिला म्हटलं, जाड आणि घट्ट तळव्याचे, टाच धरून ठेवणारे बूट घे, आणि संध्याकाळी घे. संध्याकाळपर्यंत पाऊल थोडं सुजून मोठं झालेलं असतं, सकाळी मापात बसलेला बूट रात्री चावतो. पुढे अंगठ्याभर मोकळी जागा हवी. जमलं तर दोन जोड आलटून पालटून. शिरा फुगलेल्यांसाठी घट्ट विणीचे लांब मोजे मिळतात, ते सकाळी सूज येण्याआधी चढवायचे. मात्र ते डॉक्टरांना विचारूनच, कारण पायाच्या रोहिण्यांत रक्त कमी येत असेल तर हेच मोजे घातक ठरतात.

आणि एक, यात चेष्टा नाही. दोनपैकी एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागली, दुखायला लागली, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. शिरेत गाठ झालेली असू शकते.

कामावर उभ्या उभ्याही काही करता येतं. गल्ल्यापाशी पायाशी एखादा लाकडी ठोकळा किंवा पाट ठेवला आणि एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा, असं केलं तर कंबरेला आराम पडतो. कुणाच्या लक्षातही न येता टाचा वर-खाली करता येतात, तेवढाच पोटरीचा हापसा हलतो. फरशीवर जाड रबरी चटई असेल तर उत्तम.

झाले उपाय. भाचीने सगळे ऐकले, बूटही घेतले, आणि म्हणाली, "मावशी, हे सगळं करून पाय रात्री बरे होतात. सकाळी दहाला पुन्हा तेच." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आपण देवाला जेवढं समजून घेतो तेवढं माणसाला का घेत नाही, हा विचार तेव्हापासून डोक्यात आहे. आपला विठोबा तर युगानुयुगं विटेवर उभा. पण पंढरपूरची रीत बघा. आषाढी जवळ आली की देवाचा पलंग काढतात, म्हणजे देवाची झोप बंद, चोवीस तास दर्शन चालू. पण देवाला एवढं उभं राहायचंय म्हणून पाठीशी मऊ लोड देतात. रुक्मिणीमातेला तक्क्या. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. गरम पाण्याने स्नान, पलंग पुन्हा जागेवर, आणि शिणवटा जावा म्हणून रात्री काढ्याचा नैवेद्य. किती सुंदर कल्पना आहे! दगडाच्या मूर्तीलाही उभं राहून शीण येत असेल, असं ज्या लोकांना वाटलं ते किती हळव्या मनाचे असतील. वारीच्या वाटेवर तर वारकऱ्यांचे पाय चेपून, तेल लावून देणारे गावोगाव भेटतात, तेही परक्या माणसाचे पाय, हौसेने. आणि हेच आपण, दुकानात आलो की आपल्यापुढे अकरा तास उभ्या राहिलेल्या पोरीचे पाय आपल्याला दिसतसुद्धा नाहीत. तिच्या पाठीला लोड नाही, उलट कपाटाला पाठ लागली तर बेल!

आणि उभ्याने विकायची रीत आपली जुनी आहे असंही नाही. माझ्या लहानपणी कापडाच्या दुकानात पांढरीशुभ्र गादी असायची. चपला बाहेर काढून आपण गादीवर बसायचं, दुकानदार आणि त्याचा माणूसही समोर बसायचा, आणि मांडीसमोर ठाणांचे ढीग. आई अर्धा-अर्धा तास एकेक लुगडं उलगडून बघायची, पण उभं कुणीच नसे. शिंपी बसून, सोनार बसून, कासार बसून बांगड्या भरणार. काचेची दारं आणि उंच काउंटर आले तशी गादी गेली. गिऱ्हाईकाला निदान खुर्ची मिळाली, विकणारीला तीही नाही. (स्वयंपाकघराचंही तसंच झालं. चुलीपुढे पाटावर बसणारी बाई ओटा आल्यावर उभी राहिली ती राहिलीच. चुलीचा धूर गेला ते चांगलंच झालं, पण ओट्यापाशी एक उंच स्टूल असावं हे किती घरांत सुचतं? माझ्याकडे आहे. कांदा चिरायला मी बसते.)

हे फक्त माझ्या भाचीचं दुखणं नाही. केरळात कोळिकोडच्या विजी नावाच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी २००९-१०च्या सुमाराला दुकानांत काम करणाऱ्या बायकांची 'पेन्कूट्टू' नावाची संघटना उभी केली. तिथल्या बायकांना बसायला तर नव्हतंच, लघवीला जायचीही सोय नव्हती, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नसत. आधी भांडण स्वच्छतागृहासाठी झालं, मग बसण्यासाठी. २०१४च्या अखेरीला त्रिशूरमधल्या साडीच्या दुकानातल्या विक्रेत्या संपावर गेल्या, आणि त्या संपाला नावच पडलं 'बसण्याचा संप'. शेवटी २०१८मध्ये केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामगारांसाठी बसायची सोय बंधनकारक केली. २०२१मध्ये तमिळनाडूनेही तसंच केलं. बसण्याचा हक्क! आपल्याला हसू येतं, इतकी साधी गोष्ट. पण त्यासाठी बायकांना आठ-नऊ वर्षं रस्त्यावर यावं लागलं, हे लक्षात घ्या.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न त्याच्याही शंभर वर्षं आधी आला होता. १८९९मध्ये तिथे कायदा झाला, की दुकानातल्या दर तीन स्त्री विक्रेत्यांमागे निदान एक आसन असलंच पाहिजे. तिघींत एक! संगीत खुर्ची खेळल्यासारखं वाटतं, पण सुरुवात तर झाली. आपल्याकडेही १९४८च्या कारखाने कायद्याच्या ४४व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय लिहिलेली होती, कामात जेव्हा फट मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून. ती कारखान्यांपुरती. २०२०ची कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्याची जी संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली, तिच्यातही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे कळत नाही असं नव्हे. पण कायद्याच्या पुस्तकातलं स्टूल साडीच्या काउंटरमागे आपोआप येत नाही. ते कुणीतरी आणून ठेवावं लागतं. तीन-चारशे रुपयांना प्लॅस्टिकचं स्टूल मिळतं, एका बऱ्या साडीच्या फॉल-पिकोला आणि ब्लाउजच्या शिलाईला त्याहून जास्त जातात.

दुकानदार मंडळींची बाजूही मी ऐकली आहे. माझे दोन माजी विद्यार्थी दुकानदार आहेत. एक म्हणाला, "बाई, एकदा बसायची सवय लागली की उठत नाहीत." मी विचारलं, तू गल्ल्यावर दिवसभर बसतोस, गिऱ्हाईक आलं की उठतोस की नाही? हसला. दुसऱ्याचं म्हणणं, जागाच नाही, काउंटरमागे दोन माणसं जेमतेम मावतात. हे खरं असू शकतं. मग घडीचं स्टूल ठेव, भिंतीला फळी ठोकून घे, निदान तासाला पाच मिनिटं आळीपाळीने आत बसायला पाठव. मनात असेल तर जागा होते, वर्गात साठ मुलं बसवलेल्या बाईला जागेचं कारण सांगू नये! मालाचं नुकसान होतं, गिऱ्हाईक तुटतं असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. दमलेली मुलगी दहावी साडी दाखवताना कपाळाला आठ्या घालते, बसून उठलेली विसावीही हसून दाखवते. गिऱ्हाईक कशाने तुटेल?

आपणही काही करू शकतो. मी हल्ली दुकानात गेले की आधी समोरच्या मुलीला विचारते, बसायला आहे का गं तुला? बहुतेक जणी दचकतात, मग इकडेतिकडे बघतात, मग हळूच 'नाही' म्हणतात. मग मी मालकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणते, "मला अपमान वाटत नाही हो, बसू द्या तिला." पांढऱ्या केसांचा एवढा फायदा आहे, कुणी उलट बोलत नाही. पहारेकरी, बँकेच्या दारातला सुरक्षारक्षक, मॉलमधली पोरं, सगळ्यांच्या बाबतीत हे विचारून बघा. आणि रुग्णालयात रात्रपाळीची नर्स दोन मिनिटं टेकलेली दिसली तर लगेच नाक मुरडू नका, ती किती तास उभी आहे ते आधी विचारा.

भाचीच्या दुकानात मागच्या महिन्यात दोन स्टुलं आली. ब्लाउजपीसच्या काउंटरमागे ठेवली आहेत, सात जणींत दोन. मालकांनी बजावलंय, गिऱ्हाईक दारात दिसलं की उठायचं, आणि लग्नसराईत खोकी ठेवायला जागा लागली तर स्टुलं माळ्यावर जातील. मी तिला म्हटलंय, गेली की मला सांग, मी साडी घ्यायला येते.